सण जवळ आला की वर्गात काय करायचं? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मार्च लागला की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूरच बदलतो. होळी, नवरोझ (इराणी नववर्ष), ईद, पासओव्हर (ज्यू लोकांचा सण), ईस्टर, मग मध्येच जल दिन, वसुंधरा दिन, सगळं एकामागोमाग येतं आणि प्राथमिकच्या शिक्षकांना दरवेळी "काहीतरी छान" करून दाखवायचं असतं. यावेळचे सगळे प्रश्न त्यावरचेच निवडलेत, जे फार लांब होते ते थोडे कापलेत.

प्रश्न : ताई नमस्कार, मी दुसरीला शिकवते. सण आला की आमचं ठरलेलं असतं, आकार छापून आणायचे, मुलांनी ते रंगवायचे, कापायचे, चिकटवायचे, आपण फोटो काढायचा आणि पालकांच्या ग्रुपवर टाकायचा. मुलं खूश असतात, नाही असं नाही, पण अख्खा तास जातो, सगळे कागद सारखेच दिसतात आणि अभ्यास तिथल्या तिथेच राहतो. सण आणि शिकणं एकत्र कसं बसवायचं?

तुम्ही जे "सारखेच दिसतात" म्हणालात ना, तिथेच सगळं आलं. सगळ्यांचे कागद सारखे दिसतात म्हणजे विचार करायचं काम तुम्ही घरी बसूनच करून टाकलं होतं आणि मुलांच्या वाट्याला फक्त कात्री आली.

माझं म्हणणं एवढंच आहे की सणातून सजावट उचलण्याआधी त्यातून एक प्रश्न उचला. एका सणाला एकच. होळी म्हटलं की रंग कशातून निघतो, नवरोझ म्हटलं की बी किती दिवसांत उगवतं, ईस्टर म्हटलं की हा दरवर्षी वेगळ्या तारखेला का येतो. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर मुलाला स्वतःच्या हाताने, मोजून, करून बघून किंवा कुणाला तरी विचारून मिळालं पाहिजे, तुम्ही सांगून नाही. मग त्या प्रश्नाभोवती वाचन, गणित, चित्र जे बसेल ते बसवा, जे बसत नाही ते ओढूनताणून बसवू नका. सणाच्या चित्रात बेरजेची गणितं छापलेली वर्कशीट मिळते बाजारात, ती वाईट नाही पण त्यात सण फक्त कागदाच्या कडेला असतो, त्या गणिताचा आणि सणाचा काही संबंध नसतो आणि मुलांना ते लगेच कळतं.

कापणं-चिकटवणं बंद करा असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. पहिली-दुसरीच्या बोटांना गोल रेषेवरून कात्री फिरवणं हा खरा अभ्यास असतो. फक्त आकार छापून देऊ नका, त्यांना काढू द्या, वेडावाकडा आला तरी चालेल.

प्रश्न : मी चौथीचा वर्गशिक्षक. मुलं दरवर्षी विचारतात की सर वाढदिवस त्याच तारखेला येतो मग सण का सरकतात? मी "चंद्रावर असतं ते" एवढं सांगून वेळ मारून नेतो. यावर एखादी चांगली अॅक्टिव्हिटी होईल का?

सर, होईल का काय, वसंतातल्या सणांची याच्याइतकी भारी अॅक्टिव्हिटी मला दुसरी माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फळ्यावर काही न समजावता नुसत्या तारखा लिहा. नवरोझ, म्हणजे इराण आणि आसपासच्या देशांतलं नवं वर्ष : २०२३, २०२४, २०२५ तिन्ही वर्षी २० नाहीतर २१ मार्च. रमझान ईद : २०२३ ला २१-२२ एप्रिल, २०२४ ला १०-११ एप्रिल, २०२५ ला ३०-३१ मार्च. रंगांची होळी : ८ मार्च २०२३, २५ मार्च २०२४, १४ मार्च २०२५. ईस्टर : ९ एप्रिल २०२३, ३१ मार्च २०२४, २० एप्रिल २०२५. प्रत्येक गटाला मार्च-एप्रिलच्या ६१ घरांची एक लांब कागदी पट्टी द्या, दर वर्षाला वेगळी, चार सणांना चार रंग, आणि पट्ट्या एकाखाली एक लावून गप्प बसा.

पाच मिनिटांत पोरं बोलायला लागतील. एक हलतच नाही, एक नुसता मागे मागे जातोय, आणि दोन पुढे-मागे उड्या मारतायत. हे त्यांनी शोधलं की मग हिशोब काढा. चंद्राचा एक महिना साडेएकोणतीस दिवसांचा, असे बारा केले की ३५४. सूर्याचं वर्ष ३६५ चं. वजाबाकी ११. ईदचं कॅलेंडर चंद्राचंच आहे, त्यात जादाचा महिना घालत नाहीत, म्हणून ती दरवर्षी साधारण १०-११ दिवस अलीकडे येते आणि जवळपास ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. आता मुलांना पुढच्या वर्षीची ईद कधी येईल ते काढायला सांगा, एखादा दिवस इकडेतिकडे झाला तर त्याचंही कारण त्यांना आवडेल, चंद्रकोर दिसण्यावर असतं ना ते.

होळीचं गणित तर मला फार आवडतं. २५ मार्च २०२४ पासून १४ मार्च २०२५ पर्यंत दिवस मोजा, बरोबर ३५४ येतात, म्हणजे बारा चांद्रमहिने. पण ८ मार्च २०२३ पासून २५ मार्च २०२४ पर्यंत मोजले तर ३८३! (२०२४ लीप वर्ष होतं, तो एक दिवस पोरं हमखास विसरतात, विसरू द्या, नंतर त्यांनाच सापडेल.) साडेएकोणतीसने भागून बघा, तेरा महिने. एक महिना जास्तीचा कुठून आला? २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. दरवर्षी ११ दिवस मागे पडतात, तीनेक वर्षांत महिन्याभराचा फरक साचतो, मग एक अख्खा महिना घालून पंचांग पुन्हा ऋतूंच्या बरोबर आणतात. अधिक महिना हा शब्द मुलांनी घरी ऐकलेला असतो, तो कशासाठी असतो हे भागाकारातून कळलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

ईस्टरचा नियम असा की २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल तिच्या नंतरचा रविवार. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल या खिडकीतच येतो. चर्चची पौर्णिमा तक्त्यावरून काढलेली असते, आकाशातल्या पौर्णिमेत आणि तिच्यात कधीतरी थोडा फरक पडतो, पण चौथीला एवढं खोलात नको. मुलांना दोन ईस्टरमधले दिवस मोजायला लावा, ३५७ आणि ३८५ येतात, दोन्हींना ७ ने पूर्ण भाग जातो. का जातो? हे त्यांनीच सांगायचं. आणि अजून एक, २०२४ ला होळी आणि ईस्टर दोन्ही एकाच पौर्णिमेवर आले, होळी २५ ला आणि ईस्टर त्याच आठवड्याच्या रविवारी, ३१ ला. २०२५ ला होळीची पौर्णिमा १४ मार्चला म्हणजे २१ च्या आधीच होऊन गेली म्हणून ईस्टरला पुढच्या पौर्णिमेपर्यंत थांबावं लागलं. दोन वेगवेगळ्या धर्मांचे सण एकाच चंद्राकडे बघतात हे तुम्ही भाषणात सांगितलं तर विसरून जातील, पट्टीवर स्वतः पाहिलं तर नाही विसरणार.

नवरोझ का हलत नाही? कारण तो सूर्यावर आहे, दिवस आणि रात्र जवळजवळ सारखे होतात त्या विषुवदिनावर. त्या दिवशी सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो, कंपास असेल तर मुलांना घराच्या गच्चीतून बघून यायला सांगा. वर्गात पृथ्वीगोल असेल तर शेवटी ऑस्ट्रेलियावर बोट ठेवा आणि विचारा की इथे ईस्टर कुठल्या ऋतूत येतो. तिथे तेव्हा शरद असतो. वसंताचा सण शरदात, यावर पोरं बराच वेळ वाद घालतील, घालू द्या.

प्रश्न : पहिलीच्या मुलांना तारखांचं काही कळत नाही हो ताई. त्यांच्यासाठी वसंताचं काहीतरी सांगा ज्यात रोज थोडं थोडं करता येईल.

नवरोझच्या टेबलावर गव्हाचे किंवा मसुराचे हिरवेगार कोंब वाढवून ठेवतात, सब्जे म्हणतात त्याला, आणि तेराव्या दिवशी ते वाहत्या पाण्यात सोडतात. तेच वर्गात करा, दहा-बारा दिवस आधीपासून.

गहू रात्रभर भिजवा, पाणी काढून ओल्या फडक्यात बांधा, मोड दिसले की बशीत ओला कापूस पसरून त्यावर टाका. बश्या दोन करा. एक खिडकीत, एक खोक्याखाली पूर्ण अंधारात. पाणी दोन्हीला सारखंच, हाताने शिंपडून, तळ साचू देऊ नका नाहीतर बुरशी येते आणि वास मारतो. झाकायच्या आधी प्रत्येकाला विचारा की कोणत्या बशीतलं गवत उंच होईल, आणि जे सांगतील ते त्यांच्या नावासमोर लिहून ठेवा.

रोज सकाळी एका मुलाने कागदाची बारीक पट्टी कोंबाशेजारी धरायची, कोंबाएवढी कापायची आणि चार्टवर त्या दिवसाच्या घरात चिकटवायची. उजेडातल्याची हिरवी पट्टी, अंधारातल्याची पिवळी. सेंटिमीटर कळायची गरज नाही, आकडे कळायची पण गरज नाही, आठवड्याभरात भिंतीवर आपोआप आलेख उभा राहतो आणि सहा वर्षांचं पोर तो वाचतं, "इथून इथे खूप वाढलं". शनिवार-रविवारची घरं रिकामी राहतात, ती तशीच ठेवा आणि सोमवारी विचारा की इथे किती असेल बरं.

आणि खोक्याखालचं गवत बहुतेक वेळा जास्त उंच निघतं! पिवळसर, बारीक, वाकलेलं, पण उंच, कारण ते उजेड शोधत सगळा जोर उंचीवर लावतं. जवळजवळ सगळ्यांचा अंदाज चुकतो, आणि तेव्हा "तुमचं चुकलं" न म्हणता खोकं काढून तीही बशी खिडकीत ठेवा आणि मुलांना सांगा की आता रोज रंग बघा. हळूहळू हिरवी व्हायला लागते. हा भाग चुकवू नका, सगळ्यात जास्त गलका इथे होतो.

प्रश्न : आमच्या वर्गात वेगवेगळ्या धर्मांची मुलं आहेत, काहींच्या घरी कुठलेच सण करत नाहीत. मागे एका पालकांनी नाराजी कळवली की आमच्या मुलाला दुसऱ्याच्या सणात का ओढता. मग सण घ्यायचेच नाहीत का?

घ्या, पण सण साजरा करणं आणि सणाबद्दल शिकणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. पूजा, प्रार्थना, उपास यातलं काहीही मुलांकडून करून घ्यायचं नाही, लोक असं असं करतात आणि का करतात एवढंच शिकायचं. महिन्याच्या सुरुवातीला पालकांना दोन ओळींची चिठ्ठी पाठवा की या महिन्यात अमुक सणांबद्दल अमुक शिकणार आहोत, तेवढ्याने निम्मी नाराजी उगवतच नाही. ज्या पालकांनी कळवलंय त्यांच्याशी स्वतः बोला, ग्रुपवर नको.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते, एखाद्या मुलाला उभं करून "तुमच्यात काय करतात सांग" असं विचारू नका. सात-आठ वर्षांचं मूल अख्ख्या समाजाच्या वतीने कसं बोलेल? त्याला सांगायचं असेल तर हात वर करेल की.

याऐवजी हे करून बघा. ज्यू लोकांच्या पासओव्हरच्या जेवणाला एक सुंदर प्रथा आहे, जेवणाच्या टेबलावर सगळ्यात लहान जो असेल तो विचारतो की आजची रात्र बाकीच्या रात्रींपेक्षा वेगळी का, आणि मोठ्यांनी उत्तर द्यायचं. ती प्रथा वर्गात सांगा आणि मग तोच प्रश्न मुलांना घरी घेऊन जाऊ द्या. घरातल्या कुणाही मोठ्या माणसाला विचारायचं, तुमच्या लहानपणी वर्षातला कुठला दिवस बाकीच्या दिवसांपेक्षा वेगळा असायचा आणि का. सण असेल, कुणाचा वाढदिवस असेल, परीक्षा संपल्याचा दिवस असेल, काहीही. ज्यांच्या घरी सण नसतात त्यांच्याकडेही असा दिवस असतोच. तिसरी-चौथीच्या मुलांनी पाच वाक्यं लिहून आणायची, लहानांनी चित्र काढून आणायचं. वर्गात वाचताना कुणाचाही धर्म मध्ये येत नाही आणि ऐकायला सगळे कान टवकारून बसतात.

प्रश्न : ईस्टरला अंडी रंगवायचा उपक्रम बघितला, पण अंडी आणायला काही घरांतून परवानगी नाही आणि एका मुलाला अॅलर्जी आहे.

मग अंडं सोडा, पद्धत घ्या. युक्रेनमध्ये अंड्यांवर आधी मेणाने नक्षी काढतात मग रंगात बुडवतात, जिथे मेण तिथे रंग चढत नाही, त्यांना पिसांका म्हणतात. हेच कागदावर होतं. जाडसर कागदावर मुलांनी स्वतः काढलेला अंड्याचा आकार, त्यावर पांढऱ्या मेणखडूने जोर देऊन नक्षी, काढताना काहीच दिसत नाही, आणि मग वरून पातळ वॉटर कलरचा ब्रश फिरवायचा. नक्षी उमटते. दुसरीच्या पुढे असतील तर कागद उभा दुमडून घ्या, डाव्या अर्ध्यात जे काढलं तेच उजवीकडे उलटं आलं पाहिजे, सममिती झाली. मेण पाण्याला का धरत नाही हा प्रश्न येणारच, तेलाचा थेंब पाण्यात टाकून दाखवा.

प्रश्न : होळीला वर्गात रंग खेळता येत नाही, मुलं हिरमुसतात. काही पर्याय?

हळदीचा कागद करा. हळद कोमट पाण्यात कालवून त्यात पांढरा शोषक कागद बुडवायचा आणि वाळवायचा, पिवळा होतो. मग ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून त्यावर लिहायचं, अक्षरं लालसर तपकिरी उमटतात, वरून लिंबाचा रस लावला की परत पिवळी. साबण साधा धुण्याचा घ्या, काही हँडवॉश इतके सौम्य असतात की रंग बदलत नाही, आदल्या दिवशी घरी करून बघा. मुलांनी एकमेकांना गुप्त संदेश लिहून द्यायचे, वाचणाऱ्याने नुसता साबणाचा हात फिरवायचा असं करायचं असेल तर उलटं करा, लिंबाने लिहून वाळवायचं आणि वरून पातळ साबणपाणी. जुने कपडे घालून यायला सांगा, हळदीचे डाग जात नाहीत आणि मग पालकांचे फोन येतात.

प्रश्न : जल दिन आणि वसुंधरा दिनाला दरवेळी पोस्टर आणि घोषणाच होतात. वेगळं काय?

मोजायला लावा. जागतिक जल दिन २२ मार्चला असतो, १९९३ पासून. त्या दिवशी शाळेतला एखादा गळका नळ शोधा (सापडतोच), त्याखाली मापाचं भांडं ठेवून दहा मिनिटांत किती पाणी जमलं ते बघा. सहाने गुणलं की तासाचं, चोवीसने गुणलं की दिवसाचं. तो आकडा मुलांनी मुख्याध्यापकांना पत्रात लिहून कळवायचा, खरं पत्र, नळ दुरुस्त होईपर्यंत पाठपुरावा करायचा. वसुंधरा दिन २२ एप्रिलला, १९७० ला अमेरिकेत सुरू झाला. त्या आठवड्यात वर्गाची कचरापेटी रोज वर्तमानपत्रावर ओता, हातमोजे घालून वेगळं करा, कागद किती, वेष्टनं किती, पेन्सिलीची सालं किती, आणि त्याचा चित्रालेख काढा. पोस्टर काढायचंच असेल तर यानंतर काढा, तेव्हा त्यांच्याकडे सांगायला काहीतरी असतं.

प्रश्न : माझ्या मुलाला गोंगाट आणि अचानक बदल सहन होत नाहीत. सणाच्या दिवशी शाळेतून तो रडतच घरी येतो. बाईंना काय सांगू?

बाईंना सणाच्या आधी भेटा, नंतर नाही. तीन गोष्टी मागा. त्या दिवसाचं वेळापत्रक चित्रांसकट आदल्या दिवशी मिळावं म्हणजे तो घरी तुमच्याबरोबर बघून ठेवेल. गाणं-बिणं लागणार असेल तर त्याला वर्गाबाहेर जायची एक ठरलेली जागा असावी आणि तिथे जाणं ही शिक्षा नाही हे बाकी मुलांनाही माहीत असावं. आणि त्याला एक काम मिळावं, पट्ट्या वाटायचं, बशीतल्या गव्हाला पाणी शिंपडायचं, असं काहीतरी जे त्याला हातात धरून करता येईल. हे मागताना संकोच करू नका, एवढं करणं कुठल्याही शिक्षकाला जमण्यासारखं आहे आणि वर्गातल्या अजून दोघा-तिघांना त्याचा उपयोग होतो जे बोलत नाहीत.

प्रश्न : सणाचा प्रकल्प म्हणून घरी जे करायला देतात ते शेवटी आम्ही पालकच रात्री बसून करतो. हे थांबवायचा काही मार्ग?

मुलाने जेवढं केलं तेवढंच पाठवा, अर्धवट असलं तरी, आणि वहीत एक ओळ लिहा की हे सगळं त्याने स्वतः केलंय. शिक्षकांनाही विनंती, जे वर्गाच्या वेळात होत नाही ते घरी देऊ नका, आणि पहिला-दुसरा नंबर काढू नका. नंबर काढला की तो पालकांचाच निघतो.